पाककृतीची कीर्द आणि खतावणी

छापील पाककृती एकदाच लिहिली जाते, परंतु ती वाचली जाते दोनदा, आणि तीही अत्यंत भिन्न परिस्थितीत. प्रथम ती वाचतो बाजाराला निघालेला मनुष्य. त्याच्या हातात पिशवी असते, मनात महिन्याच्या खर्चाचा अंदाज असतो, आणि कोणता जिन्नस, किती, व कोणत्या दुकानातून घ्यावयाचा, एवढेच त्याला जाणून घ्यावयाचे असते. त्यानंतर तीच पाककृती वाचण्याची पाळी येते ती चुलीपुढे उभ्या असलेल्या व्यक्तीवर. तिची बोटे पिठाने भरलेली असतात, कढईतील तेल तापून मोहरी टाकण्याच्या बेतात आलेले असते, आणि घरात तेल एकंदर किती आणले आहे याच्याशी तिला त्या घटकेस काही कर्तव्य नसते. आत्ता हातात काय घ्यावयाचे, ते किती, आणि मागाहून काय, एवढ्यापुरतीच तिची जिज्ञासा असते. एकाच मजकुराने या दोन्ही वाचकांची सोय पाहावयाची, ही पाककृती लिहिणाराची खरी अडचण होय. आणि बहुसंख्य पाकग्रंथांची मांडणी या अडचणीचा विचारच न करता झालेली असल्यामुळे, त्यातील पदार्थ उत्तम असूनही, वाचणाराला ते अवघड वाटतात.

जमाखर्च ठेवण्याच्या आपल्या जुन्या रीतीत या स्वरूपाचा प्रश्न फार पूर्वी सोडविला गेला होता. रोजकीर्दीत व्यवहार ज्या क्रमाने घडले त्या क्रमाने, दिवसामागून दिवस, लिहीत जावयाचे. आणि खतावणीत तेच व्यवहार ज्याच्या त्याच्या खात्यावर मांडावयाचे. दोन्ही वह्यांतील रकमा त्याच असत, एका पैचाही फरक त्यांत चालत नसे, परंतु कीर्दीला विचारावयाचा प्रश्न वेगळा आणि खतावणीला विचारावयाचा वेगळा म्हणून मांडणीही वेगळी. पाककृतीचेही असेच आहे. स्वयंपाक हा कालक्रमाने चालतो, म्हणून त्याची कीर्द हवी. बाजारहाट दुकानांच्या क्रमाने चालतो, म्हणून त्याची खतावणी हवी. प्रस्तुत प्रकरणाचे म्हणणे एवढेच आहे की, एका यादीने ही दोन्ही कामे उरकण्याचा प्रयत्न सोडून द्यावा, आणि प्रत्येक पाककृतीला तिच्या दोन्ही वह्या निरनिराळ्या द्याव्यात.

प्राचीन पाकग्रंथांना ही अडचण भासली नाही, कारण ज्यांच्यासाठी ते ग्रंथ लिहिले गेले त्यांना स्वयंपाक येत होता, किंवा त्यांच्या पदरी तो येणारे सूपकार होते. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या ‘मानसोल्लासा’त अन्नभोगाचे जे वर्णन आहे, ते संस्कृत श्लोकांत आहे; पदार्थ कोणता, त्यात काय घालावे, तो तळावा की भाजावा, हे त्यात येते, परंतु किती घालावे याचा भार प्रायः सूपकाराच्या हातावर सोपविलेला असतो. रोमन लोकांचा एपिशियसच्या नावाने चालत आलेला पाकग्रंथही याच जातीचा आहे. राजाच्या मुदपाकखान्यात जिन्नस कोठीतून मोजून निघत, त्यांचा हिशेब कारकून ठेवी, आणि आचारी आपल्या अंदाजाने शिजवी. म्हणजे खतावणी दफ्तरात असे आणि कीर्द आचाऱ्याच्या डोक्यात. ग्रंथाला या दोहोंपैकी काहीच करण्याची गरज नव्हती.

ही व्यवस्था मोडली ती एकोणिसाव्या शतकात, विलायतेतील मध्यमवर्गाच्या घरांत. शहरात नव्याने संसार थाटलेली तरुण गृहिणी, जिच्याजवळ सासू नाही, आई दूरच्या गावी आहे, आणि हाताशी असलीच तर एखादी अननुभवी मोलकरीण आहे, ती पुस्तकाची वाचक झाली. तिला ‘अंदाजाने’ हा शब्द निरुपयोगी होता. इलायझा ॲक्टन या बाईंनी १८४५ साली लंडनमध्ये ‘मॉडर्न कुकरी’ हे पुस्तक प्रसिद्ध केले, आणि त्यात पाककृतीच्या वर्णनाअखेरीस सर्व जिनसांची वजने आणि शिजण्याचा अवधी यांचा एक आटोपशीर गोषवारा देण्याची प्रथा पाडली. ॲक्टनबाई पूर्वी कविता लिहीत असत. त्यांचे गद्यही स्वच्छ आणि मोजके आहे, आणि आपल्या पुस्तकातील कृती स्वतः करून पाहण्याची त्यांची चिकाटी त्या काळी दुर्मीळ होती. तथापि गोषवारा शेवटी असण्यात एक गैरसोय होती: पाककृती अखेरपर्यंत वाचल्यावाचून बाजारातून काय आणावयाचे हे कळत नसे.

पुढे सोळा वर्षांनी, १८६१ साली, इझाबेला बीटन यांचा गृहव्यवस्थेवरील प्रचंड ग्रंथ पुस्तकरूपाने निघाला. त्यातील कित्येक कृती ॲक्टनबाईंसारख्या पूर्वसूरींच्या पुस्तकांतून उचललेल्या आहेत हे आता सर्वश्रुत आहे, आणि त्या बाबतीत त्यांचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु मांडणीच्या बाबतीत त्यांनी केलेला बदल अत्यंत दूरदर्शी होता. त्यांनी शेवटचा गोषवारा उचलून आरंभी आणला: प्रथम जिनसांची यादी, मग कृती, आणि तिच्या खाली लागणारा वेळ, सरासरी खर्च, किती माणसांना पुरेल, व कोणत्या हंगामात करावे. या सदरांकडे बारकाईने पाहावे. खर्च, हंगाम, माणसांची संख्या हे सर्व प्रश्न बाजाराला निघालेल्या माणसाचे आहेत. पाककृतीला चुलीवाचून दुसरीही एक बाजू आहे, आणि तिचा प्रारंभ बाजारात होतो, हे बीटनबाईंनी जितक्या स्पष्टपणे ओळखले तितके त्यांच्यापूर्वी फारसे कोणी ओळखले नव्हते. १८६५ साली, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षी त्या वारल्या. वर यादी आणि खाली कृती हा त्यांचा साचा इतका रूढ झाला आहे की, आज आपल्यापैकी बहुतेकांना पाककृतीचा दुसरा एखादा आकार असू शकतो हे सुचतही नाही.

परंतु दुसरे आकार झाले आहेत. अमेरिकेतील सेंट लुईस शहरी राहणाऱ्या अर्मा रॉमबाउर या विधवा बाईंनी १९३१ साली स्वखर्चाने एक पाकपुस्तक छापले, आणि १९३६ साली एका व्यावसायिक प्रकाशनसंस्थेने काढलेल्या त्याच्या नव्या आवृत्तीत त्यांनी आरंभीची यादी काढूनच टाकली. वाक्य चालता चालता जेथे जिनसाची गरज लागते, तेथेच तो जिन्नस त्याच्या प्रमाणासह स्वतंत्र ओळीत ठळक टाइपात यावयाचा, आणि मग वाक्य पुढे चालू व्हावयाचे, अशी ती मांडणी. ही निव्वळ कीर्द झाली. चुलीपुढे उभ्या राहणाऱ्या वाचकाला डोळे वरखाली नाचवावे लागत नाहीत, हा तिचा मोठा गुण. परंतु एका पदार्थात लोणी तीन ठिकाणी लागत असेल, तर बाजाराला जाणाऱ्याने तिन्ही ठिकाणे हुडकून बेरीज करावयाची, हा तितकाच मोठा दोष. १९६१ साली ज्युलिया चाइल्ड आणि त्यांच्या दोन फ्रेंच सहलेखिका यांनी फ्रेंच पाककलेवरील आपल्या ग्रंथात पानाचे दोन रकाने केले. डावीकडे जिन्नस व कित्येकदा भांडीसुद्धा, उजवीकडे त्यांचे काय करावयाचे ते, आणि दोन्ही एकमेकांच्या नेमक्या समोर. डोळ्यांना ही मांडणी विलक्षण सुखकर आहे, आणि लांब, गुंतागुंतीच्या कृतीसाठी याहून चांगली पद्धत माझ्या पाहण्यात नाही. मात्र तीही कीर्दच आहे. खतावणी वाचकाने स्वतः करून घ्यावयाची.

आपल्याकडे खतावणीची परंपरा छापील पुस्तकांत शोधू नये. ती लग्नकार्याच्या आचाऱ्याच्या यादीत सापडते. किती पाने व्हावयाची, हे आचारी प्रथम विचारतो. जेवणारांची गणती पानांवर करण्याची ही रीत फार सोयीची आहे, कारण तिच्यात पंगतीचा सगळा हिशेब येतो. मग तो यजमानाला याद्या देतो, आणि त्या पदार्थवार नसतात. किराण्याची यादी वेगळी, भाजीपाल्याची वेगळी, दूध, दही, लोणी, तूप यांची वेगळी, भांड्यांची वेगळी, केळीच्या पानांची अथवा पत्रावळींची वेगळी. जिलेबीला लागणारी साखर आणि चहाला लागणारी साखर एका रकमेत मिळविलेली असते. खोबरे किराण्यात आणि नारळ भाजीपाल्यात गेलेला असतो, कारण ते दोन्ही एकाच झाडाचे असले तरी एकाच दुकानात मिळत नाहीत. कोणत्या दिवशी काय आणावयाचे हेही तो सांगून ठेवतो: किराणा आठवडाभर आधी, भाजी आदल्या दिवशी, दूध पहाटे. या माणसाने पाककृतीच्या मांडणीवर एक अक्षरही लिहिले नाही, आणि तरीही बाजाराची बाजू त्याच्याइतकी पद्धतशीरपणे कोणत्याच पाकपुस्तकाने हाताळलेली नाही.

मराठीतील छापील पाकग्रंथांचा वंश तसा जुना आहे. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचे ‘सूपशास्त्र’ १८७५ सालचे. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे ‘गृहिणीमित्र अथवा एक हजार पाकक्रिया’ १९१० सालचे. आणि कमलाबाई ओगले यांची ‘रुचिरा’ १९७० सालची. या शतकभरात वाचक बदलला तसे मापही बदलले, आणि मापाचा प्रश्न हा मांडणीचाच एक भाग असल्यामुळे त्याचा थोडा विचार येथे करणे भाग आहे.

शेर, पावशेर, नवटाक, छटाक या मापांत वाढलेल्या पिढीला त्यांची एक अंगभूत जाण होती. परंतु शेर हा सगळीकडे एक नव्हता. पक्का शेर ऐंशी तोळ्यांचा, तर मुंबईचा जुना वजनी शेर अठ्ठावीस तोळ्यांच्या आसपासचा, म्हणजे जवळजवळ एकतृतीयांश. शिवाय धान्याचा शेर हा मापाचा, आणि चार शेरांची पायली. तेव्हा एका मुलुखात छापलेली कृती दुसऱ्या मुलुखात वाचली म्हणजे घोटाळा ठरलेलाच. १९५६ च्या कायद्याने आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्याने आलेल्या दशमान पद्धतीने बाजारातला हा घोटाळा मिटविला. दुकानात ग्रॅम आणि लिटर आले. स्वयंपाकघरात मात्र तराजू आला नाही. तेथे वाटी आणि चमचा यांचेच राज्य राहिले, आणि ‘रुचिरे’ने त्या राज्याची भाषा पत्करली, हे तिच्या अफाट लोकप्रियतेचे एक कारण मानावयास हरकत नाही. जे माप घरात आहे तेच पुस्तकात असावे, हा शहाणपणाचा मार्ग होता.

पाश्चात्त्य देशांतही हे द्वैत आहे. बोस्टनच्या पाकशाळेच्या प्रमुख फॅनी फार्मर यांनी १८९६ साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात कपात अथवा चमच्यात भरलेला जिन्नस वरून सुरीने सपाट करून घ्यावा असा आग्रह धरला, आणि ‘शिगोशीग’ व ‘सपाट’ यांतील गोंधळ संपविला. अमेरिका त्या कपालाच धरून राहिली. युरोपात पीठ तराजूत घालतात. कपाचाही एक आकार नाही: अमेरिकेचा कप सुमारे २३७ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियाचा २५० चा, मोठा चमचा अमेरिकेत १५ मिलिलिटरचा, ऑस्ट्रेलियात २० चा. मेलबर्नमध्ये राहणाऱ्या मराठी कुटुंबाने पुण्याचे पुस्तक समोर ठेवून ‘एक वाटी’ वाचली, तर त्यांनी कोणती वाटी घ्यावी? उत्तर सोपे आहे, आणि ते पुस्तकाच्या पहिल्याच पानावर असावयास हवे: या पुस्तकातील वाटी इतक्या मिलिलिटरची, मोठा चमचा इतक्या, लहान चमचा इतक्या. मराठी पुस्तकांत नुसते ‘चमचा’ असे छापलेले असते तेव्हा तो पाच मिलिलिटरचा की पंधराचा हे वाचकाने ताडावयाचे असते. हळदीच्या बाबतीत ही तिप्पट तफावत कदाचित निभावून जाईल, मिठाच्या बाबतीत सगळे पातेले फुकट जाते.

आता एक पाककृती प्रत्यक्ष हातात घेऊन पाहू. वालाच्या डाळिंब्यांची उसळ ही मुद्दाम निवडतो, कारण नेहमीच्या मांडणीत ती वाचकाची जेवढी फसगत करते तेवढी क्वचितच दुसरी कोणती करीत असेल. पुस्तकात साहित्याच्या यादीत पहिली ओळ असते: ‘मोड आलेले सोललेले वाल, दोन वाट्या.’ रविवारी सकाळी दहा वाजता, बाराला पाहुणे जेवावयास येणार असताना, ही ओळ वाचणाऱ्या नवख्या माणसाच्या पदरी निराशेवाचून दुसरे काय येणार? त्या एका विशेषणात दीड दिवस लपलेला आहे. वाल शुक्रवारी रात्री भिजत घालावे लागतात, शनिवारी सकाळी उपसून फडक्यात घट्ट बांधून ठेवावे लागतात, रविवारी सकाळी मोड आल्यावर कोमट पाण्यात टाकून एक एक दाणा सोलावा लागतो. थंडीच्या दिवसांत मोडाला त्याहूनही अधिक वेळ लागतो. शिवाय या ओळीने बाजाराचीही सोय केलेली नाही. दोन वाट्या डाळिंब्या हव्या असतील तर वाण्याकडे कोरडे वाल किती मागावयाचे? दाणे भिजून फुगतात, साले निघून जातात, आणि या दोन्ही गोष्टींचा हिशेब लेखिकेने स्वतःच्या स्वयंपाकघरात अनेक वेळा केलेला असूनही तो पुस्तकात उतरत नाही.

तीच पाककृती दोन वह्यांत मांडली तर ती पुढीलप्रमाणे दिसेल. पाच-सहा पानांचा हा अंदाज आहे, इतर पदार्थ जोडीला आहेत असे समजून.

बाजार
वाण्याकडून, शुक्रवारी दुपारपर्यंत: कडवे वाल पाव किलो.
भाजीबाजारातून, शनिवारी संध्याकाळी: लहान नारळ १, कोथिंबिरीची लहान जुडी १, कढीलिंबाची डहाळी १.
घरात आहे ना ते पाहावे: तेल, मोहरी, हिंग, हळद, तिखट, गोडा मसाला, आमसुले, गूळ, मीठ.

कृती
शुक्रवार, रात्री: वाल धुऊन भरपूर पाण्यात भिजत घालावे.
शनिवार, सकाळी: उपसून, ओल्या फडक्यात बांधून, झाकून ठेवावे.
रविवार, सकाळी: मोड आलेले वाल तासभर कोमट पाण्यात ठेवून सोलावे.
जेवणापूर्वी पाऊण तास: तेल ३ मोठे चमचे, मोहरी अर्धा लहान चमचा, चिमूटभर हिंग, हळद अर्धा लहान चमचा, कढीलिंबाची सात-आठ पाने यांची फोडणी करावी. त्यात डाळिंब्या घालून हलक्या हाताने परताव्या. गरम पाणी दीड वाटी घालावे. झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजू द्यावे. दाणा बोटांत दाबताच चुरडला की शिजले; बहुधा १५ ते २० मिनिटे.
शिजल्यावरच: आमसुले ४, गूळ सुपारीएवढा, तिखट १ लहान चमचा, गोडा मसाला २ लहान चमचे, चवीप्रमाणे मीठ घालून पाच मिनिटे उकळावे.
उतरविल्यावर: खोवलेले ओले खोबरे अर्धी वाटी आणि चिरलेली कोथिंबीर घालावी.

या मांडणीतील ‘शिजल्यावरच’ हा शब्द स्वतंत्र ओळीच्या आरंभी हेतुपुरस्सर आलेला आहे. आमसुलाची आंबटाई आधी घातली तर डाळिंब्या मऊ होण्यास फार वेळ लागतो, कारण आम्लामुळे कडधान्याच्या पेशींना जोडून ठेवणारे द्रव्य सहजासहजी विरघळत नाही. नेहमीच्या परिच्छेदात ही सूचना चौथ्या-पाचव्या वाक्याच्या मध्यभागी दडलेली असते, आणि घाईत वाचणारा नेमका तेथेच चुकतो. क्रम बदलल्याने जेथे पदार्थ बिघडतो तेथे नवी ओळ घ्यावी, आणि जेथे बिघडत नाही तेथे उगाच ओळी तोडू नयेत, हा मांडणीचा सर्वांत महत्त्वाचा नियम मी मानतो. मोहरी, हिंग आणि हळद यांना तीन ओळी देणारे पुस्तक स्पष्ट दिसते खरे, परंतु ते वाचकाला अनावश्यक ठिकाणी थांबवते आणि आवश्यक ठिकाणी थांबवण्याची आपली ताकद गमावून बसते.

यादीतील विशेषणाच्या जागेवर किती अवलंबून असते, हेही वालावरून ध्यानात येईल. ‘शेंगदाण्याचे कूट एक वाटी’ आणि ‘शेंगदाणे एक वाटी, भाजून कूट करून’ ही दोन प्रमाणे एक नव्हेत. पहिल्यात कूट मोजावयाचे आहे, दुसऱ्यात दाणे. बाजाराच्या यादीत नेहमी कोरडा, कच्चा, जसा दुकानात मिळतो तसा जिन्नस लिहावा. कृतीत तो जसा कढईत पडतो तसा लिहावा. नारळाच्या बाबतीत तर दुहेरी घोटाळा होतो, कारण नारळ फोडल्यावर त्याच्या अर्ध्या भागालाही आपण वाटीच म्हणतो. ‘एक वाटी ओले खोबरे’ वाचून एखादी अर्धा नारळ खोवते, आणि दुसरी मापाची वाटी भरून घेते; दोघींचीही चूक नाही. बाजाराच्या यादीत ‘नारळ १’ आणि कृतीत ‘खोवलेले खोबरे, मापाच्या वाटीने’ असे लिहिले की वाद उरत नाही.

गोडा मसाला ही आणखी एक खोल विहीर आहे. साध्या आमटीच्या यादीत ‘गोडा मसाला दोन चमचे’ असे असते, आणि कंसात मागच्या कुठल्यातरी पानाचा आकडा. तेथे जाऊन पाहावे तो धने, खोबरे, तीळ, दगडफूल, नागकेशर, तमालपत्र, लवंगा, दालचिनी अशी लांबलचक यादी आणि वर्षभराच्या साठ्याचे प्रमाण. अशा वेळी बाजाराच्या यादीत स्पष्ट लिहावे की हा मसाला घरी तयार असेल असे गृहीत धरले आहे, नसल्यास वाण्याकडील तयार पाकीट चालेल अथवा चालणार नाही; निवड वाचकाची, परंतु तिची जाणीव त्याला बाजारात होऊ द्या, फोडणी करपत असताना होऊ देऊ नका. तेलासारखा जिन्नस दोन ठिकाणी लागत असेल तर बाजाराच्या यादीत बेरीज द्यावी आणि कृतीत प्रत्येक ठिकाणी आपापला वाटा पुन्हा आकड्यासह लिहावा. ‘उरलेले तेल’ हा शब्द जेवढा सोपा दिसतो तेवढाच घातक, कारण आरंभी किती घेतले होते हे त्या क्षणी कोणालाच आठवत नाही. पुनरुक्ती हा निबंधात दोष असेल. पाककृतीत ती सौजन्य होय.

आता पानाविषयी थोडे. स्वयंपाक करणारा माणूस पुस्तक हातात धरीत नाही. ते ओट्याच्या कडेला, हातभर अंतरावर, वाफेत आणि पिठाच्या भुकटीत उघडे पडलेले असते. तेव्हा अक्षर मोठे हवे, आणि पाककृती समोरासमोरच्या दोन पानांत संपावयास हवी. ओल्या हाताने पान उलटावयाची वेळ आली की पुस्तकाचे आयुष्य कमी होते आणि दुधाला उतू जाण्याची संधी मिळते. अपूर्णांक आकड्यांत लिहिण्याचा मोह टाळावा. लहान टाइपातील पाव आणि अर्धा यांचे अपूर्णांक वाफेतून सारखेच दिसतात, आणि मराठीला तर पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच असे एकेका शब्दात बसणारे अपूर्णांक लाभलेले आहेत. ते असताना तिरक्या रेघेचे आकडे छापण्यात काय लाभ आहे? वेळ सांगताना मिनिटे आणि खूण दोन्ही द्यावीत, परंतु खूण आधी द्यावी: ‘खमंग वास सुटेपर्यंत’, ‘कडेने तेल सुटेपर्यंत’, ‘दाणा चुरडेपर्यंत’. शेगडी, पातेले, पाण्याचा जडपणा, कडधान्याचे वय यांप्रमाणे मिनिटे बदलतात; खूण बदलत नाही. आमच्या आज्या-पणज्यांनी घड्याळावाचून जो स्वयंपाक केला तो या खुणांच्या बळावर, आणि सुपारीएवढा गूळ, लिंबाएवढी चिंच, बोटाच्या पेराएवढे आले ही त्यांची मापे आजही अचूक आहेत, कारण त्या जिनसा चमच्यात मावतच नाहीत.

आजच्या पाकपुस्तकांत गुळगुळीत कागद आणि पानभर रंगीत छायाचित्रे असतात. त्यांना माझा विरोध नाही. पदार्थ शेवटी कसा दिसावा हे कळण्यास चित्राची मदत होते. परंतु त्या चित्रासाठी पाककृती आकसून एका चिंचोळ्या रकान्यात, फिकट राखी अक्षरात छापली जाते तेव्हा प्रकाशकाने प्राधान्य चुकीचे ठरविले आहे असेच म्हणावे लागेल. चित्र एकदा पाहिले जाते. यादी दर वेळी वाचली जाते.

वाचकांना अखेरीस एकच विनंती आहे. आपल्यापैकी अनेकांच्या घरी आईच्या, सासूच्या अथवा आजीच्या हस्ताक्षरातील पाककृतींची एखादी वही असेल. तिच्यात प्रमाणे अपुरी असतात, कारण लिहिणारीला ती ठाऊक होती. ती वही नव्याने उतरून काढण्याचे कारण नाही. ज्या दिवशी आई, सासू अथवा आजी तिच्यातील एखादा पदार्थ करावयास बसतील त्या दिवशी वही आणि पेन्सिल घेऊन शेजारी बसावे, मूठ भांड्यात पडण्यापूर्वी मापाच्या वाटीत रिकामी करून घ्यावी, आणि समासात तीन गोष्टी लिहून ठेवाव्यात: कोरडा जिन्नस किती घेतला, किती पानांना पुरला, आणि आदल्या कोणत्या वेळी भिजत घातला. हे काम त्यांचे हात चालते आहेत तोवरच होण्यासारखे आहे. ते येत्या सणाला करावे, पुढील वर्षावर टाकू नये.